फाटक, डोंगा आणि परतीची वेळ

स्वतः आखलेल्या सहलीची गोडी सहल कंपनीच्या ठराविक दौऱ्यात नसते, हे आता मराठी मध्यमवर्गाला चांगलेच उमगले आहे. चार मित्र किंवा एखादे कुटुंब मुंबई-पुण्याहून रेल्वेने नागपूर गाठते, तेथे गाडी भाड्याने घेते आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाकडे वळते. मुक्कामाचे आरक्षण झालेले असते, नकाशा हाताशी असतो, पाहण्याच्या स्थळांची यादीही तयार असते. राहून जाते ती वेळेची आखणी. शहरात एखादी गाडी चुकली तर अर्ध्या तासाने दुसरी मिळते. या दोन जिल्ह्यांत तसे नाही. येथे फाटकाची वेळ वेगळी, नदीची वेगळी, एसटीची वेगळी आणि सूर्याचीही थोडी वेगळीच. या वेळा एकमेकींशी जुळवून घेत नाहीत आणि पर्यटकासाठी तर मुळीच थांबत नाहीत. त्यांचा मेळ ज्याचा त्यालाच घालावा लागतो. तो चुकला तर कधी पैसे बुडतात, कधी गरीब माणसाच्या पोटावर पाय येतो आणि कधी जिवावर बेतते.

जहाजावरचा धडा

हा प्रश्न नेमका काय आहे, हे समजून घेण्यासाठी क्षणभर समुद्राकडे वळू. मोठ्या प्रवासी जहाजातून सफरीला गेलेले लोक एखाद्या बंदरात काही तासांसाठी उतरतात. बंदर उथळ असेल तर जहाज दूर नांगर टाकून उभे राहते आणि उतारूंची ने-आण लहान होड्यांतून होते. किनाऱ्यावरून सुटणाऱ्या शेवटच्या होडीची वेळ आधीच जाहीर केलेली असते. जहाजाने स्वतः आयोजित केलेल्या सहलीला उशीर झाला, तर जहाज सहसा तिच्यासाठी थांबते. जो आपल्या हिमतीवर भटकायला गेला, त्याच्यासाठी मात्र थांबत नाही. त्यातच जहाजावरचे घड्याळ आणि किनाऱ्यावरचे घड्याळ यांत एका तासाचा फरक असू शकतो. मोबाइल आपोआप किनाऱ्याची वेळ दाखवू लागतो आणि उतारू निर्धास्त राहतो.

मार्च २०२४ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिमेकडील साओ टोमे बेटावर हेच घडले. 'नॉर्वेजियन डॉन' या जहाजावरील आठ प्रवासी खासगी सहलीला गेले होते. ते परतले तेव्हा शेवटची होडी निघून गेली होती. जहाज समोर समुद्रात उभे दिसत होते, तरीही त्यांना वर घेण्यात आले नाही. त्यानंतर अनेक देशांतून वाट काढत त्यांना सेनेगलमधील डकार गाठावे लागले, तेव्हा कुठे जहाज पुन्हा भेटले.

आपल्याकडे हा अनुभव अगदीच परका नाही. कोकणच्या किनाऱ्यावर आगबोटी चालत, त्या काळी अनेक बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राही आणि माणसे, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावातून तिच्यापर्यंत पोहोचवल्या जात. पडाव चुकला की बोट चुकली, हे कोकणी माणसाला सांगावे लागत नसे. आजही मुरूड-जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून जाणाऱ्याला किल्ल्यावर मोजकाच वेळ मिळतो आणि नावाड्याची हाक आली की परतावेच लागते.

समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीतही गणित तेच आहे. तेथे जहाजाच्या जागी जंगलाचे फाटक असते, पडावाच्या जागी जिप्सी किंवा डोंगा असतो आणि शेवटच्या होडीच्या जागी संध्याकाळची एसटी.

फाटकाची वेळ

ताडोबा हे राज्यातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान; त्याची घोषणा १९५५ मध्ये झाली. १९८६ मध्ये शेजारच्या अंधारी अभयारण्याची भर पडली आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प साकारला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर, तर भोवतीचे बफर क्षेत्र अकराशे चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. गाभ्यात शिरण्यासाठी मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत. पहिली चूक येथेच होते. आरक्षण व्याघ्र प्रकल्पाचे नसते, ते एका विशिष्ट फाटकाचे आणि एका विशिष्ट फेरीचे असते. मोहर्ली दक्षिणेला, चंद्रपूरच्या बाजूला. कोलारा उत्तरेला, चिमूरच्या बाजूला. जंगलातून ही दोन फाटके जवळ वाटली तरी सफारीच्या परवान्यावर एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येत नाही आणि बाहेरच्या रस्त्याने मोठा वळसा पडतो. मुक्काम मोहर्लीला आणि पहाटेचा प्रवेश कोलाऱ्याहून, अशी आखणी केलेल्याची झोप आणि सफारी दोन्ही जाण्याचा धोका असतो. नवेगाव या नावानेही घोटाळा होतो. ताडोब्याचे नवेगाव फाटक वेगळे आणि गोंदिया जिल्ह्यातील नवेगाव राष्ट्रीय उद्यान वेगळे.

सफारी सकाळी आणि दुपारी अशा दोन फेऱ्यांत चालते. फेऱ्यांच्या वेळा सूर्यावर ठरत असल्याने ऋतूप्रमाणे बदलतात. थंडीत सकाळचा प्रवेश उशिरा असतो, तर मे महिन्यात पहाटे पाचच्या सुमारासच जिप्सी रांगेत लागतात. मंगळवारी गाभा क्षेत्र बंद असते आणि पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर असे तीन महिने तेथे पर्यटन थांबते. बफरमधील काही फाटके तेव्हाही सुरू ठेवली जातात. म्हणून मागच्या डिसेंबरात गेलेल्या मित्राने सांगितलेली वेळ एप्रिलमध्ये उपयोगी पडत नाही. आपल्या परवान्यावरची वेळ तेवढी खरी मानावी. परवान्यावर ज्याचे नाव, त्याचे मूळ ओळखपत्र बरोबर हवे. ते खोलीवर राहिले, तर आणायला लागणारा वेळ आपल्याच फेरीतून वजा होतो.

गाभ्यात खासगी गाडी नेता येत नाही. नोंदणी झालेली जिप्सी, तिचा चालक आणि स्थानिक मार्गदर्शक हे बरोबर घ्यावेच लागतात. मोबाइल आत नेण्यास बंदी आहे. त्यामुळे एरवी खिशातल्या मोबाइलवर वेळ पाहणाऱ्या शहरी माणसाने येथे मनगटी घड्याळ बांधून यावे, हे उत्तम.

आत गेल्यावरचे गणित सोपे आहे, पण ते फार थोडे लोक करतात. मोहर्लीपासून ताडोबा तलाव सुमारे वीस किलोमीटर. जंगलातील रस्त्यावर वेगाची मर्यादा ताशी वीस किलोमीटरची. म्हणजे कुठेही न थांबता जायला एक तास आणि यायला एक तास. समजा, दुपारची फेरी अडीचला सुरू झाली आणि सहापर्यंत बाहेर पडायचे आहे. साडेतीन तासांतले दोन तास नुसत्या रस्त्यात गेले. परतताना एखादे जनावर आडवे आले किंवा पुढे गाड्यांची रांग लागली तर अर्धा तास राखून ठेवायला हवा. उरला एक तास. पाणवठ्यावर थांबणे, पक्षी पाहणे, वाघाची वाट पाहणे हे सारे या एका तासात. 'तलावही पाहू, पलीकडचा पाणवठाही पाहू आणि वाघ दिसेपर्यंत थांबू' असा आग्रह धरणाऱ्याला हे गणित माहीत नसते.

या आग्रहाची किंमत पर्यटक मोजत नाही. जिप्सी उशिरा बाहेर आली तर कारवाई चालक आणि मार्गदर्शकावर होते. हे बहुतेक परिसरातल्या गावांतले तरुण आहेत. ज्या जंगलात त्यांचे वडील-आजोबा मोहफुले वेचत, गुरे चारत, त्याच जंगलाच्या पर्यटनावर आता त्यांची चूल पेटते. काही दिवसांचे निलंबन म्हणजे तेवढ्या दिवसांची मजुरी बुडाली. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-करांडला अभयारण्यात एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली. त्या प्रकरणाची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने घेतली आणि चालक-मार्गदर्शकांना निलंबित व्हावे लागले. गाड्या पुढे काढायला लावणारी हौस मात्र मागच्या आसनांवर बसलेल्यांचीही असते. 'अजून पाच मिनिटे' असे म्हणण्यापूर्वी ती पाच मिनिटे कोणाच्या खिशातून जाणार आहेत, याचा विचार करावा.

ताडोब्याच्या वाटेवर ठरावीक अंतराने गोंडकालीन दगडी खांब उभे आहेत. राजाच्या येण्या-जाण्याची वर्दी या खांबांवरून बांधलेल्या दोरीने व घंटांनी पुढे पोहोचवली जाई, असे मार्गदर्शक सांगतात. त्या काळी जंगलाने राजाची वर्दी ऐकली असेल; आता जंगलाची वर्दी आपण ऐकायची आहे.

सूर्य अर्धा तास लवकर मावळतो

भारतात सर्वत्र एकच प्रमाणवेळ चालते, म्हणून सूर्यही सर्वत्र एकाच वेळी मावळतो, असा एक नकळत झालेला समज असतो. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावर बेतलेली आहे. मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या जवळ, चंद्रपूर सव्वाएकोणऐंशीच्या पुढे, तर भामरागड साडेऐंशीच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटे या हिशेबाने चंद्रपूरचा सूर्य मुंबईपेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आणि भामरागडचा सुमारे तीस मिनिटे आधी उगवतो व आधीच मावळतो. मुंबईची खरी सौर वेळ प्रमाणवेळेच्या तब्बल ३९ मिनिटे मागे आहे. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबई शहराने आपली वेगळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत जपली होती, त्याचे मूळ याच फरकात आहे.

पर्यटकासाठी याचा अर्थ साधा आहे. डिसेंबरच्या सुरुवातीला मुंबईत सहापर्यंत उन्हे रेंगाळतात. चंद्रपुरात साडेपाचला सूर्य बुडालेला असतो आणि भामरागडला त्याच्याही आधी. दाट सागवनात तर अंधार आणखी लवकर उतरतो. 'सहापर्यंत उजेड आहे, तोवर पोहोचू' हा मुंबई-पुण्याचा अंदाज येथे अर्ध्या तासाने चुकतो. जहाजाचे घड्याळ आणि किनाऱ्याचे घड्याळ यांतला फरक तो हाच. मनगटावरचे आकडे सारखेच असतात, पण मनातली संध्याकाळ मुंबईची असते.

हा अर्धा तास क्षुल्लक नाही. संध्याकाळी आणि पहाटे वन्यप्राण्यांची हालचाल वाढते आणि रस्ता त्यांचाही असतो. गडचिरोलीच्या उत्तर भागात २०२१ पासून छत्तीसगडमार्गे आलेल्या रानटी हत्तींचा वावर आहे. चंद्रपूर जिल्ह्यात वाघ आणि माणूस यांचा संघर्ष तर नित्याचाच झाला आहे. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यासाठी गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. मोहफुले आणि तेंदूपाने यांचा हंगाम उन्हाळ्याचा आणि ती गोळा करण्याची वेळ भल्या सकाळची. पोटासाठी जंगलात जाणाऱ्यांना वेळ निवडता येत नाही. हौसेने आलेल्याला ती येते. त्याने ती नीट निवडावी.

नदीची वेळ

गडचिरोली हा नद्यांनी वेढलेला जिल्हा आहे. पश्चिमेला वैनगंगा, मग वर्धा आणि वैनगंगा यांच्या संगमातून झालेली प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी आणि पूर्वेला इंद्रावती. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा यातील बहुतेक ठिकाणी पैलतीर गाठायचा तर नाव किंवा डोंगा हाच मार्ग होता. सिरोंच्याहून गोदावरीपलीकडे कालेश्वरला दर्शनाला जाणारे भाविक वर्षानुवर्षे नावेनेच जात. आता तेथे पूल आहे. अहेरीजवळ प्राणहितेवर आणि पातागुडमजवळ इंद्रावतीवरही पूल उभे राहिले आहेत. तरी लहान घाटांवर डोंगे चालतातच. पुलाला वळसा घालून जाण्यापेक्षा नदी ओलांडणे गावकऱ्यांना जवळचे पडते. शेत पैलतीरी, बाजार पैलतीरी, कधी सासर-माहेरही पैलतीरी.

डोंग्याची वेळ घड्याळावर ठरत नाही. माणसे जमली की तो सुटतो. बाजाराच्या दिवशी फेऱ्या वाढतात, एरवी तासभर वाट पाहावी लागते. अंधार पडण्याआधी नावाडी आपल्या गावाकडच्या काठाला डोंगा लावतो. म्हणून पैलतीरी जाताना पहिला प्रश्न भाड्याचा नसावा. 'शेवटची फेरी कधी आणि रात्री तुमचा डोंगा कोणत्या काठाला असतो?' हे आधी विचारावे. दुसरा काठ त्याचा असेल, तर संध्याकाळी आपण त्याच काठावर अडकलो असे समजावे.

पाण्याची पातळीही आकाशाकडे पाहून कळत नाही. भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याचे तेहतीस दरवाजे आहेत. ते उघडले की खाली गडचिरोली जिल्ह्यात काही तासांनी पाणी चढते. येथे लख्ख ऊन पडलेले असते आणि नदी मात्र फुगत असते. भामरागडची गोष्ट आणखी वेगळी. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती यांचा संगम तेथे आहे. इंद्रावतीला पूर आला की तिचे पाणी पर्लकोटेला मागे रेटते आणि पर्लकोटेच्या जुन्या, कमी उंचीच्या पुलावरून पाणी वाहू लागते. अशा वेळी भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या दर पावसाळ्यात वाचकांनी वाचल्याच असतील. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ पासून याच परिसरात उभा आहे. पावसाळ्यात तेथे जाणाऱ्याने निघण्यापूर्वी पाण्याची चौकशी करावी आणि परतीचा दिवस एकाने पुढे जाईल, असे धरूनच सुट्टी काढावी.

नदीवर घाई करण्याचे मोल किती भयंकर असते, हे जानेवारी २०२४ मध्ये दिसले. चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ मिरची तोडणीच्या कामावर निघालेल्या महिलांची नाव वैनगंगेत उलटली आणि त्यांतील अनेकींचा बुडून मृत्यू झाला. पावसाळा नव्हता, पूर नव्हता. रोजच्या मजुरीसाठी रोजच ओलांडायची नदी होती. डोंगा भरला असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहणे हे पर्यटकाला सहज शक्य असते. आपण चढल्याने भार वाढतो आणि त्याच डोंग्यात कामावर जाणारी चार माणसेही असतात, हे ध्यानात ठेवावे.

मुक्कामी गाडी

जे एसटीने फिरतात, त्यांना एक शब्द ठाऊक हवा: मुक्कामी गाडी. संध्याकाळी तालुक्याहून निघून आतल्या गावी रात्रभर थांबणारी आणि पहाटे परत येणारी बस म्हणजे मुक्कामी. गावकऱ्यांच्या दृष्टीने ती योग्यच आहे. सकाळी दवाखान्यात, कचेरीत किंवा महाविद्यालयात जायला तिचा उपयोग होतो. शहरी पाहुण्याचा दिनक्रम मात्र नेमका उलटा असतो. सकाळी आत जाऊन संध्याकाळी परतायचे असते. फलकावर 'संध्याकाळी पाच' असे वाचून तो निश्चिंत होतो आणि ती गाडी परत येणारी नसून आत मुक्कामाला जाणारी होती, हे त्याला स्थानकावर कळते. चौकशी खिडकीवर 'शेवटची गाडी किती वाजता?' असे विचारून भागत नाही. 'तिकडून इकडे येणारी शेवटची गाडी कोणती?' असे विचारावे.

आतल्या अनेक गावांसाठी एसटी ही गृहीत धरण्याची गोष्ट कधीच नव्हती. एटापल्ली तालुक्यातील गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी या मार्गावर बससेवा सुरू झाली ती थेट १ जानेवारी २०२५ रोजी. ज्या गावाने पहिल्या बससाठी स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक वाट पाहिली, तेथे जाऊन 'पुढची गाडी कधी?' असे वैतागून विचारणे शोभत नाही.

मोजणी उलटी करावी

या साऱ्याचा मेळ घालण्याची रीत एकच आहे. दिवसाची आखणी सकाळपासून पुढे न करता संध्याकाळपासून मागे करावी. आधी मुक्कामी कधी पोहोचायचे ते ठरवावे. या भागात ती वेळ म्हणजे सूर्यास्त. त्यातून प्रवासाचे तास वजा करावे, मग राखीव वेळ वजा करावा. जी वेळ उरेल ती परतीची. पाहण्याचे काही राहिले असले तरी त्या वेळेला निघायचेच.

उदाहरण घेऊ. डिसेंबरात चंद्रपूरहून हेमलकशाला जायचे आहे. गोंडपिपरी, आष्टीमार्गे आलापल्ली सुमारे एकशेवीस किलोमीटर, तेथून हेमलकसा आणखी साठेक किलोमीटर. थांबत-थांबत गेले तर पहिल्या टप्प्याला तीन आणि दुसऱ्याला दोन तास धरावे. सकाळी सातला निघालेला माणूस बाराला पोहोचतो. रात्री आलापल्लीला मुक्काम असेल तर सूर्यास्तापूर्वी, म्हणजे पाचपर्यंत तेथे यायला हवे. दोन तास प्रवासाचे, अर्धा तास राखीव. म्हणजे अडीचला निघावे लागेल आणि पाहायला अडीच तास मिळतील. आता हीच सहल त्याच दिवशी सकाळची मोहर्ली सफारी करून साधायची म्हटली, तर साडेदहाला फाटकाबाहेर, साडेअकराला चंद्रपूर आणि जेवणाचा वेळ न धरताही साडेचारला हेमलकसा. तोवर दिवस संपत आलेला. कागदावर एका दिवसात बसणाऱ्या या दोन गोष्टी जमिनीवर बसत नाहीत. त्यासाठी दोन दिवस हवेत.

राखीव वेळ किती असावा, याचा साधा नियम असा: चुकल्यास पुढची संधी जितकी लांब, तितका राखीव वेळ मोठा. चंद्रपूर-नागपूर मार्गावर गाड्या बऱ्याच, तेथे थोडक्यात भागते. सफारीची फेरी चुकली तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून फाटकावर अर्धा-पाऊण तास आधी हजर असावे. डोंग्याची शेवटची फेरी किंवा आतल्या गावाहून सुटणारी एकमेव बस असेल, तर तिच्या आधीची फेरी हीच आपली शेवटची, असे मानावे. आणि परतीच्या दिवशी दुपारची सफारी व रात्रीची रेल्वे यांची सांगड घालू नये. सफारी कधी संपेल हे फाटक सांगते. फाटकापासून स्थानकापर्यंतची हमी कोणीच देत नाही.

वेळ अशी बांधून घेतल्याने सहलीतली मोकळीक जाते, असे काहींना वाटेल. अनुभव उलटा आहे. परतीची वेळ एकदा पक्की झाली की मधले तास खरोखर आपले होतात. पाणवठ्याशी बसल्यावर घड्याळाकडे पुनःपुन्हा पाहावे लागत नाही, चालकाला घाई करावी लागत नाही, नावाड्याशी वाद घालावा लागत नाही. वाघ दिसला तर आनंदच. नाही दिसला तरी सांबराची हाक, सागाच्या पानांवरचा पावलांचा आवाज आणि वैनगंगेवरचा वारा काही कमी मोलाचे नाहीत. आपण वेळेवर बाहेर पडलो की मार्गदर्शक दुसऱ्या दिवशीही कामावर येतो आणि नावाडी उजेडी घरी पोहोचतो. पाहुण्याने यजमानासाठी एवढे तरी करावे.